स्लाइड झटके देत सरकते? जिब आवळण्याआधी हे तपासा

स्लाइड म्हणजे बेडवरच्या ‘वे’ नावाच्या सरकपट्ट्यांवर सरकणारा मशीनचा भाग, आणि जिब म्हणजे त्या दोघांमधली फट भरणारी, स्क्रूने आवळता येणारी पट्टी. आधी लक्षणं. यातली दोन-तीन जुळली तर पुढचं वाचा.

- हळू फीडला कॅरेज किंवा टेबल एकसारखं जात नाही. थांबतं, उडी मारतं, पुन्हा थांबतं. रॅपिडला, म्हणजे जलद चालीला, मात्र काहीच तक्रार नाही.
- हँडलवर ०.०१ मिमी दिलं तर स्लाइडला लावलेला डायल (बारीक हालचाल मोजणारं घड्याळ) हलत नाही. आणखी ०.०१ दिलं तरी नाही. तिसऱ्या वेळी काटा एकदम ०.०३-०.०४ पुढे जातो.
- स्लाइड सरकताना करकर किंवा घुर्र असा आवाज येतो. बेडवर हात ठेवला तर थरथर जाणवते.
- फेसिंग केलेल्या जॉबवर उजेडात तिरकं बघितलं की साधारण सारख्या अंतरावर रिंगा दिसतात.
- व्हीएमसीवर (उभ्या स्पिंडलचं सीएनसी मिलिंग मशीन) एंडमिलने गोल बोअर फिरवला की ०, ९०, १८० आणि २७० अंशांवर, म्हणजे जिथे एकेक अक्ष दिशा बदलतो तिथे, बारीक खुणा राहतात.
- सुट्टीनंतरच्या सकाळी त्रास सर्वात जास्त. मशीन तासभर चाललं की कमी होतो.

कोल्हापूरच्या शिरोली आणि गोकुळ शिरगाव भागात मी हीच तक्रार सतत दुरुस्त करत आलो आहे. साधी लेथ, सरफेस ग्राइंडर, बॉक्स वे असलेलं व्हीएमसी, सगळीकडे. बहुतेक ठिकाणी मी पोचेपर्यंत कोणीतरी जिब आवळून ठेवलेली असते, आणि त्याने दुखणं वाढलेलं असतं. म्हणून सांगतो, तेल स्लाइडपर्यंत पोचतंय आणि ते योग्य तेल आहे, याची खात्री झाल्याशिवाय पान्याला हात लावू नका.

झटका का बसतो

उभी स्लाइड हलवायला जो जोर लागतो तो चालती स्लाइड चालू ठेवायला लागणाऱ्या जोरापेक्षा जास्त असतो. आणि स्क्रू, नट, बेअरिंग, कपलिंग ही साखळी दिसायला लोखंडी असली तरी थोडी लवचीक असते. मोटर फिरते, स्लाइड हलत नाही, स्क्रू किंचित पिळला आणि ताणला जातो. ताण पुरेसा साठला की स्लाइड सुटते, घर्षण एकदम कमी होतं, साठलेला सगळा ताण तिला हवं त्यापेक्षा पुढे ढकलतो. ताण संपला, स्लाइड पुन्हा अडकली. हे चक्र सेकंदाला अनेकदा चाललं की आपल्याला थरथर जाणवते, सावकाश चाललं की उड्या दिसतात. जड कपाट रबरी पट्ट्याने ओढून बघा, हुबेहूब असंच होईल.

१९३९ साली केंब्रिजमध्ये बाउडन आणि लेबेन यांनी धातूवर धातू सावकाश सरकवून हे मोजून दाखवलं. त्याआधी १९०२ मध्ये जर्मनीत स्ट्रिबेकने बेअरिंगवर काम करताना दाखवलं होतं की वेग वाढत जातो तशी तेलाची फिल्म तयार होते आणि घर्षण आधी खाली येतं, मग पुन्हा वर चढतं. आपला झटका त्या उतरत्या भागातला. वेग कमी, फिल्म अर्धवट, धातू धातूला टेकलेला. रॅपिडला फिल्म तयार होते म्हणून तिथे सगळं ठीक वाटतं.

एवढं समजून घ्या, कारण इलाजाच्या बाजू दोनच आहेत: घर्षणातला हा फरक कमी करा किंवा ड्राइव्हमधला सैलपणा काढा. पहिली बाजू स्वस्त आहे आणि दहापैकी बहुतेक वेळा दोष तिथेच असतो.

फुकटची तपासणी: हा खरंच तोच दोष आहे का?

जॉब काढा, टूल हवेत ठेवा. मॅग्नेटिक स्टँडवर डायल लावा. सीएनसी असेल तर एमडीआयमध्ये (हाताने एकेक ओळ देण्याच्या मोडमध्ये) जी०१ देऊन एफ ५, मग २०, १००, ५०० अशा फीडला तोच अक्ष चालवा. साधी लेथ असेल तर हँडलने अगदी सावकाश, मग पॉवर फीडच्या वेगवेगळ्या गिअरला.

फीड वाढवल्यावर एका टप्प्यापुढे उड्या पूर्ण थांबल्या, तर हा घर्षणाचाच झटका आहे. फीड वाढवल्यावर त्याच प्रमाणात उड्याही जलद झाल्या आणि दोन उड्यांमधलं अंतर स्क्रूच्या पिचइतकंच राहिलं, तर स्क्रू वाकलेला आहे किंवा त्याचं बेअरिंग गेलंय. हवेत चालताना सगळं शांत आणि कटिंगलाच थरथर, तर तो चॅटर. त्याचं कारण टूल, ओव्हरहँग किंवा जॉबच्या पकडीत शोधा.

बॅकलॅशशी गल्लत तर सर्रास होते. बॅकलॅश, म्हणजे स्क्रू आणि नटमधली मोकळी हालचाल, दिशा बदलतानाच दिसतो. एकाच दिशेने, न थांबता, ०.०१ च्या टप्प्याने दहा-बारा वेळा पुढे जा आणि प्रत्येक वेळी डायल लिहून घ्या. पहिल्या टप्प्यानंतर आकडे नीट येत गेले तर तो बॅकलॅश होता. एकाच दिशेत शून्य, शून्य, तीन, शून्य, दोन असे आले तर स्लाइड अडकतेय. हा कागद जपून ठेवा, दुरुस्तीनंतर याच्याशीच तुलना करायची आहे.

सफाई आणि वायपर

मेन स्विच बंद करा. स्लाइडवे पूर्ण उघडा करा, कव्हर काढावी लागली तर काढा. कापडाने आणि रॉकेलने पुसा. थिनर वापरू नका. स्लाइडखाली प्लास्टिकचं लायनिंग असेल तर ते आणि त्याचा डिंक दोन्ही खराब होऊ शकतात. एअर गनने तर अजिबात साफ करू नका. हवेने चुरा वायपरच्या (स्लाइडच्या टोकाला वे पुसणारी रबरी पट्टी) ओठाखालून आत जातो आणि मग तो बाहेर काढायला सॅडल, म्हणजे स्लाइडचा बेडवर बसलेला भाग, उचलावं लागतं.

आमच्याकडे बिडाचं काम जास्त, पंप बॉडी, हाउसिंग, ब्रॅकेट. बीड कोरडं कापतात. त्याची काळी भुकटी पिठाइतकी बारीक असते, तेलात मिसळली की तिची पेस्ट होते आणि ती पेस्ट बेड घासत राहते. तसंच कूलंटचं. सोल्युबल ऑइल वाळून स्लाइडवर पिवळसर चिकट थर बसतो. नखाने खरवडून बघा. असा थर असेल तर नवं तेल टाकूनही झटका जाणार नाही, कारण स्लाइड सोडताना तो धरून ठेवतो.

वायपरचा रबर कडक झालाय का, ओठ फाटलाय का, त्यात कीस रुतलाय का, हे बोट फिरवून बघा. वायपर ही मशीनमधली सर्वात स्वस्त वस्तू असून तीच सर्वात उशिरा बदलली जाते. खराब असेल तर आजच बदला.

तेल पोचतंय का?

इथे घाई करू नका. माझ्या अनुभवात सर्वात जास्त दोष इथेच सापडतात.

टाकीत तेल आहे आणि अलार्म नाही, याचा अर्थ स्लाइडला तेल मिळतंय असा होत नाही. बहुतेक मशीनवर टाकीतला फ्लोट स्विच फक्त पातळी सांगतो. उलट टाकीतलं तेल पूर्वीसारखं खाली जात नसेल तर काळजी करा. महिनोन्‌महिने टाकी भरावी लागली नाही हे मशीन काटकसरी असल्याचं लक्षण नाही, फिल्टर किंवा पंप बंद पडल्याचं आहे.

तपासायची पद्धत अशी. पुसलेल्या कोरड्या स्लाइडवर पंपाचं बटण किंवा हँडल दाबून तीन-चार वेळा तेल सोडा, मग स्लाइड पूर्ण स्ट्रोक पुढे-मागे न्या. मशीन थांबवून टिश्यू पेपर वेवर दाबा. दोन्ही बाजूंना, सपाट वेला आणि व्ही वेला, सगळीकडे एकसारखा ओला डाग यायला हवा. एखाद्या पट्ट्यात कोरडं राहिलं तर त्या जागेचा पाइप शेवटच्या जोडापाशी सैल करा, पुन्हा पंप दाबा, थेंब येतो का बघा. थेंब आला तर सॅडलमधली तेलाची खाच बुजलीय. नाही आला तर मागे जा: डिस्ट्रिब्यूटर, पाइप, फिल्टर.

ज्या मशीनवर मोजून तेल सोडणाऱ्या बारीक छिद्रांचे जोड असतात, तिथे एक नायलॉन पाइप फुटला की सगळ्या लाइनचा दाब पडतो आणि बाकीचे पॉइंट उपाशी राहतात. म्हणजे झटका एक्स अक्षावर असला तरी फुटलेला पाइप झेडचा असू शकतो. एका शॉपमध्ये लेथच्या क्रॉस स्लाइडची जिब पुन्हा पुन्हा आवळली गेली होती, नंतर सर्वो मोटरही बदलून झाली. शेवटी सापडलं ते केबल चेनच्या वळणात दबून चपटा झालेला चार मिमीचा पाइप. एवढा खर्च आणि बंद पडलेल्या शिफ्ट, सगळं टाळता आलं असतं, म्हणून मी या पायरीवर इतका अडून बसतो.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. तुमचा जॉब छोटा असेल आणि स्लाइड दिवसभर त्याच तीस-चाळीस मिमीत फिरत असेल, तर दोन खाचांमधल्या जागेत तेल जातच नाही, पंप कितीही चांगला असो. दर शिफ्टला दोन-चार वेळा पूर्ण स्ट्रोक द्या. सीएनसीला प्रोग्रामच्या सुरुवातीलाच ती ओळ टाकून ठेवा.

सुट्टीनंतर झटका जास्त का, याचंही उत्तर इथेच आहे. सॅडल एका जागी उभं राहिलं की वजनाने तेल हळूहळू बाहेर दाबलं जातं आणि धातू टेकतो. जितका वेळ उभं, तितका हलवायचा जोर जास्त, हे फ्रेंच इंजिनिअर कूलॉम्बने अठराव्या शतकातच नोंदवलं होतं. म्हणून सोमवारी पहिला जॉब लावण्याआधी पंप हाताने चालवून स्लाइड फिरवून घ्या.

कोणतं तेल?

आडव्या स्लाइडला साधारण व्हीजी ६८ (व्हीजी म्हणजे तेलाच्या घट्टपणाचा दर्जा) आणि उभ्या स्लाइडला, जिथून तेल ओघळून जातं तिथे, व्हीजी २२० ग्रेडचं स्लाइडवे ऑइल. मशीनच्या पुस्तिकेत वेगळं लिहिलं असेल तर तेच खरं. मोबिल व्हॅक्ट्रा नंबर २ किंवा सर्वोवे ६८ अशा नावांनी हे बाजारात मिळतं. आयएसओ ६७४३-१३ प्रमाणे स्लाइडवेच्या तेलाचा गट 'जी' आहे, डब्यावर ते बघता येतं.

‘आमचं हायड्रॉलिक ६८ आहे, तेही ६८ च ना’ हे मी फार ऐकतो. आकडा फक्त घट्टपणाचा आहे. स्लाइडवे ऑइलमध्ये चिकटून राहण्यासाठी आणि उभ्या-चालत्या घर्षणातला फरक कमी करण्यासाठी वेगळी द्रव्यं घातलेली असतात, साध्या हायड्रॉलिक तेलात ती नसतात. इंजिन ऑइलही नको. त्यातलं डिटर्जंट कूलंटच्या पाण्याला आणि घाणीला धरून ठेवतं. ग्रीस तर बिडाच्या भुकटीला आमंत्रणच.

थंडीत काही जण तेल ‘जड’ झालं म्हणून पातळ तेल घालतात. झटक्यासाठी हे उलट पडतं. हळू वेगाला फिल्म टिकायला घट्टपणाच लागतो. सकाळी हँडल जड लागणं आणि झटका बसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

काही सरफेस ग्राइंडरमध्ये हायड्रॉलिक आणि स्लाइड दोघांना एकाच टाकीतून तेल जातं. तिथे दोन्ही कामांसाठी बनवलेलं ‘एचजी’ वर्गाचं तेल लागतं. तेल बदललंत तर टाकी धुवा, जुनं तेल लाइनमधून निघून जाईपर्यंत पंप चालवा, आणि मगच निकाल लावा. पाइपमध्ये जुनं तेल असताना ‘फरक पडला नाही’ म्हणण्यात अर्थ नाही.

माझा आग्रह आहे की इथे थांबून मशीन दोन-तीन दिवस चालवा आणि डायलचा तोच तक्ता पुन्हा लिहा. बऱ्याच जणांना पुढे जावंच लागणार नाही.

आता जिब

झटका हाताला सैलपणासारखा वाटतो, म्हणून माणूस आवळतो. आवळल्याने स्लाइडवरचा दाब वाढतो, दाबाबरोबर घर्षण वाढतं आणि उडी मोठी होते. पण जिब फार सैल असेल तरीही त्रास होतो. स्लाइड तिरकी होऊन कोपऱ्यात अडकते. दोन्ही बाजू तपासा.

आधी स्लाइडचं लॉक पूर्ण सुटलंय ना ते बघा. लॉकचा तुकडा अर्धवट घासत राहणं हा दोष क्षुल्लक आहे पण दुर्मिळ नाही. टेपर जिबला दोन टोकांना दोन स्क्रू असतात. एक सैल केल्याशिवाय दुसरा आवळू नका, नाहीतर जिब मधे वाकते. आधीच्या स्क्रूची जागा मार्करने खूण करून ठेवा आणि एका वेळी पाव फेऱ्यापेक्षा कमी फिरवा. स्लाइडला हलकासा अडथळा जाणवेपर्यंत घ्या, मग किंचित मागे सोडा, दुसरा स्क्रू टेकवा. ०.०३ मिमीची फीलर पट्टी टोकाला आत शिरता कामा नये.

हे सेटिंग स्लाइड सर्वात घट्ट चालते त्या जागी करायचं. लेथचा बेड हेडस्टॉकजवळ, म्हणजे चक फिरतो त्या टोकाला, जास्त झिजतो, कारण काम तिथेच होतं. झिजलेल्या जागी जिब सेट केलीत तर टेलस्टॉककडे कॅरेज आवळून बसेल. घट्ट जागी नीट केल्यावर हेडस्टॉकजवळ कॅरेज डुलत असेल तर तो जिबचा प्रश्न राहिलाच नाही, बेडची झीज आहे.

याच वेळी बेडची लेव्हल बघून घ्या. मीटरला ०.०२ मिमी दाखवणारी स्पिरिट लेव्हल लागते, सुताराची नाही. पाया खचला किंवा एखादा फाउंडेशन बोल्ट सैल झाला की बेड पिळला जातो आणि कॅरेज विशिष्ट जागीच अडकते. आमच्याकडे पावसाळ्यानंतर हे पुन्हा तपासणं योग्य.

ड्राइव्हची बाजू

इथून पुढे हत्यारं आणि सराव दोन्ही हवेत. स्क्रूच्या टोकाच्या सेंटरमध्ये ग्रीस लावून स्टीलची गोळी बसवा, तिच्यावर डायलचा टोक लावा आणि हँडल किंवा अक्ष थोडा उलट-सुलट करा. स्क्रू लांबीच्या दिशेने हलत असेल तर थ्रस्ट बेअरिंग सैल आहे. प्रीलोड असलेल्या (आधीच ताण देऊन फट काढलेल्या) बॉल स्क्रूला इथे जवळजवळ शून्य हालचाल हवी. मग कपलिंगचे स्क्रू, मोटरचा ब्रॅकेट, नटचे बोल्ट, टायमिंग बेल्टचा ताण. साध्या लेथवर रॅकचे बोल्ट आणि पिनियनची झीज.

एक उपयोगी खूण: नट थ्रस्ट बेअरिंगपासून लांब जाईल तसा झटका वाढत असेल, तर स्क्रूच्या बाजूची लवचीकता जास्त आहे, कारण मधली मोकळी लांबी वाढली की स्क्रू जास्त पिळतो आणि ताणतो. सगळ्या स्ट्रोकभर झटका सारखाच असेल तर पुन्हा स्लाइडकडे आणि तेलाकडे वळा.

हायड्रॉलिक ग्राइंडरचं टेबल उड्या मारत असेल तर सिलिंडरमध्ये हवा आहे का ते आधी बघा. हवा दाबली जाते आणि स्प्रिंगचं काम करते. टाकीतलं तेल फेसाळ दिसतंय का? पातळी सक्शनच्या वर आहे का? तेल भरून, एअर ब्लीड उघडून, टेबल पूर्ण स्ट्रोक काही वेळ चालवा.

सीएनसीच्या पॅरामीटरला शेवटी हात लावा. फानुक कंट्रोलवर १८५१ नंबरचा बॅकलॅश आकडा वाढवून गोल बोअरवरची खूण कमी होते, आणि माणूस खूश होतो. पण तेल पुन्हा नीट मिळू लागलं की तोच आकडा जास्तीचा ठरतो आणि खूण उलट दिशेने येते. बदल करण्याआधी जुने आकडे लिहून ठेवा. सर्वोचा गेन वाढवून दाबायचा प्रयत्न केलात तर अक्ष गुणगुणायला लागेल.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

- स्लाइडवेवर नख अडकेल इतके खोल ओरखडे आहेत, किंवा सॅडलखालचं टर्साइट लायनिंग (चिकटवलेली प्लास्टिकची पट्टी) सुटलंय, फुगलंय.
- घट्ट जागी आणि झिजलेल्या जागी जिब एकत्र बसतच नाही. आता स्क्रॅपिंग (हाताने खरवडून पृष्ठभाग जुळवणं) किंवा बेड ग्राइंडिंग लागेल. हे काम बघून बघून शिकता येत नाही.
- अक्ष उभा आहे. काउंटरवेट किंवा मोटरचा ब्रेक सोडवला तर हेड खाली येतं. लाकडी ठोकळ्याचा आधार दिल्याशिवाय कपलिंगला हात लावू नका, आणि याचा सराव नसेल तर अजिबात लावू नका.
- सर्वो ड्राइव्ह उघडायची वेळ आली. मेन बंद केल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा विद्युतदाब काही मिनिटं राहतो.
- बॉल स्क्रूचा नट खोलायचा आहे, किंवा हायड्रॉलिक सिलिंडरचं पॅकिंग बदलायचं आहे.
- अक्षाचा ओव्हरलोड अलार्म येतोय. अलार्म रीसेट करून चालवत राहिलात तर मोटर जाईल.

स्क्रॅपिंगवाल्याशी बोलताना २५ मिमी चौरसात किती ठिपके (निळा रंग लावून दिसणाऱ्या, पृष्ठभाग खरोखर टेकतो त्या जागा) मिळतील ते आधी ठरवा. साध्या उत्पादन मशीनला १० ते १२ चांगले. काम झाल्यावर ब्ल्यू मॅचिंग स्वतः बघा. ठिपके फक्त टोकांना आणि मधे मोकळं असेल तर ताब्यात घेऊ नका. टर्साइट लावत असाल तर पट्टीच्या जाडीइतकं सॅडल मशिन करून घ्यावं लागतं, नाहीतर कॅरेज उचलली जाते आणि एप्रन, लीडस्क्रू, फीडरॉड यांची रेषा बिघडते. टर्साइटमध्ये उभं आणि चालतं घर्षण जवळजवळ सारखं असतं, त्यामुळे झटका मुळातूनच कमी होतो. जुन्या मशीनला हा खर्च मला योग्य वाटतो. तेलाच्या खाचा मात्र त्या पट्टीतही कोराव्याच लागतात, आणि पाइपचं छिद्र पट्टीखाली बुजलं नाही ना, हे सॅडल बसवण्याआधी तेल सोडून बघा.

फोनवर मेकॅनिकला एवढं सांगता आलं तर तो योग्य सामान घेऊन येईल: कोणता अक्ष, किती फीडपर्यंत झटका बसतो आणि कितीला थांबतो, स्ट्रोकच्या कोणत्या भागात जास्त, एकाच दिशेतल्या टप्प्यांचा डायलचा तक्ता, टाकीत कोणतं तेल आहे, आणि गेल्या काही दिवसांत जिब, बेअरिंग किंवा पॅरामीटरला कोणी हात लावलाय का.